हरिपूरच्या पेवावर काढलेले एकशे पंचवीस फोटो

आधीच सांगते, हे सगळं घडलेलं आहे. खाली कमेंटमध्ये ‘रचलंय’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी तिथे होते. बटण मीच दाबत होते.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता, पांढरी साडी तर नव्हतीच नव्हती.

गेल्या मे महिन्यातला दुसरा रविवार. जागा, सांगलीला लागून असलेलं हरिपूर. वेळ, सकाळी पावणेआठ ते दुपारी चार. बाहेर असं ऊन, की कुत्रीसुद्धा ट्रॉलीखाली जीभ काढून पडलेली.

मी रेश्मा. उंब्रजची. यंदा दहावी. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून हिला गप्प कसं करायचं हा आमच्या घरातला मोठा प्रश्न आहे.

पण ही गोष्ट माझ्या ताईची आहे. तिचं नाव राजनंदिनी. ती सांगलीत राहून ॲनिमेशन शिकत होती.

टीव्हीवर एक कार्यक्रम संपला, की दुसरा सुरू व्हायच्या आधी चॅनेलचं चिन्ह चमकत, फिरत येतं बघा. पाच-दहा सेकंद. तेवढ्यात आपण पाणी प्यायला उठतो. ते कुणीतरी जीव ओतून बनवलेलं असतं. ताई तेच शिकत होती.

आबा म्हणजे आमचे वडील. सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ते म्हणायचे, “दहा सेकंदांच्या कामाला तीन वर्षं शिकायचं? एवढ्यात आमी नवीन पोरगं बॉर्डरवर हुभं करत हुतो.”

सांगलीत ‘झुंजूमुंजू’ नावाचं नवीन लोकल चॅनेल सुरू होणार होतं. ताईचे वरद सर म्हणाले, प्रत्येकाने दहा सेकंदांची क्लिप करा. ज्याची क्लिप चॅनेल घेईल त्याला तिथेच नोकरी.

आबांनी ताईकडून शब्द घेतला. ह्यात झालं तर झालं. नाहीतर जूनमध्ये सामान घेऊन उंब्रजला परत. पुन्हा ह्या कोर्सचं नाव काढायचं नाही.

ताई ‘हो’ म्हणाली. तिची क्लिप जवळजवळ तयार होती ना.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा लॅपटॉप बंद पडला. हार्ड डिस्क गेली. चार महिन्यांचं काम त्यात. दुसरीकडे कुठेच ठेवलेलं नव्हतं.

क्लिप रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती.

मी तेव्हा सुट्टीला तिच्याकडेच होते. ताई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीकडे बघत बसली आणि मध्येच म्हणाली, “रेशमे, हातानं करू.”

“काय हातानं?”

“हळद. काळ्या कापडावर हळद. थोडी सरकवायची, फोटो काढायचा. अजून थोडी सरकवायची, फोटो काढायचा. सगळे फोटो जोडले की हळदीचा सूर्य उगवताना दिसतो. झुंजूमुंजू! सांगलीची हळद, सांगलीचं चॅनेल. जमंल गं!”

दहा सेकंदांना एकशे पंचवीस फोटो. एका फोटोला चार मिनिटं.

मी म्हटलं, “आपण दोघी जणी म्हणजे कारखानाच की!”

पण ह्या कामात एक अट असते. काहीही हलता कामा नये. कॅमेरा नाही, जमीन नाही, उजेडसुद्धा नाही. ताईच्या खोलीखालून ट्रक गेला तरी पलंग थरथरायचा. पंखा लावला तर हळद उडायची.

ताई ज्यांच्याकडे डबा जेवायची त्या राहीबाई म्हणाल्या, “आमच्या दादाची शेड रिकामीच हाय की हरिपुरात.”

त्यांचे दादा म्हणजे नानासो. सत्तरीचे. पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. शनिवारी त्यांनी आम्हाला शेड उघडून दिली. पत्र्याची. एकही खिडकी नाही. जमीन सगळी उंचसखल, फक्त मधोमध एक गोल दगडी झाकण, तव्यासारखं सपाट. बरोबर त्याच्यावर आडवं लाकूड.

“हे काय आहे नाना?” मी विचारलं.

“पेव हाय ते.”

पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी. तोंड लहान, पोट मोठं. पूर्वी हरिपुरात हळद अशीच पेवांत ठेवायचे. दोन हजार पाचच्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवं बंद पडली. त्या आडव्या लाकडाला दोर बांधून माणसं आत उतरायची.

ताईचे डोळे चमकले. लाकडाला कॅमेरा बांधायचा, खाली दगडावर हळद. देवानेच मांडून ठेवलेलं!

झाकणाच्या मध्यात एक भोक होतं. बांगडीएवढं.

नाना म्हणाले, “काय करायचं ते करा पोरींनो. चा लागला तर शेजारी सांगा. पर ह्या भोकावर काय ठेवू नगा.”

“का?” मी लगेच विचारलं.

“ऱ्हाऊ दे मोकळं,” एवढंच बोलून ते किल्ली देऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना इस्लामपूरला लग्नाला जायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही मांडामांड केली. इन्स्टिट्यूटचा कॅमेरा, दोन दिवे, मैत्रिणीचा लॅपटॉप. दगडावर काळं कापड, त्यावर हळद. ताईने ब्रशने पहिली रेघ ओढली.

फू...

मधली हळद उडाली.

ताईने परत सारखी केली.

फू...

त्या भोकातून वारा येत होता. अगदी हलका. कुणी चहावर फुंकर घालावी तसा.

“बंद पेवातनं वारा कसा येतो गं?” मी म्हटलं.

“येत असंल कुठनंतरी. पावणेआठ वाजले रेशमे!”

तिने कोपऱ्यातली प्लायवूडची फळी आणली. भोकावर ठेवली. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन पदर. वर काळं कापड ताणलं. दार लावून फटींना पोती लावली, उन्हाची तिरीप आत यायला नको म्हणून.

मी म्हटलं, “नाना नको म्हणाले होते.”

“संध्याकाळी काढू की. नानांना कळणार बी न्हाई.”

फुंकर थांबली.

आम्ही सुरू केलं.

ताई वाकून कानाच्या काडीने हळद सरकवायची. मी ओरडायचे, “हात बाहेर!” ती हात मागे घ्यायची. मी बटण दाबायचे. खट्. एक. हात बाहेर! खट्. दोन.

तीसपर्यंत आम्ही गाणी म्हटली. चाळीसला माझी बडबड संपली, म्हणजे विचार करा. घाम डोळ्यांत जात होता.

पन्नासच्या आसपास ताई म्हणाली, “मधली हळद तू वर ओढलीस का?”

“मी इथे लॅपटॉपपाशी आहे. माझे हात काय सहा फूट आहेत?”

“मग अशी फुगल्यागत का दिसतीया?”

तिने बोटाने दाबून बघितलं. खाली फळी. टणक.

साठ फोटो झाल्यावर आम्ही ते जोडून चालवून बघितले. पावणेबारा वाजले होते. पाच सेकंदांची क्लिप.

काळ्यातून पिवळी कड आली. सूर्य वर सरकायला लागला. इतका सुंदर...

आणि मग तो फुगला.

हळूच फुगला. मग बसला. परत फुगला.



परत लावलं. फुगला... बसला... फुगला...

झोपलेल्या माणसाची छाती हलते ना? तसा.

फोटोंत ते एवढं हळू होतं की डोळ्यांना कळत नव्हतं. सदतीस-अडतीस फोटो मिळून एक पूर्ण श्वास. म्हणजे आमच्या समोर, त्या शेडमध्ये, एक श्वास अडीच तास चालला होता.

“ताई, थांबू या,” मी म्हटलं.

“कापड सैल पडलं असंल.”

“खाली फळी आहे गं!”

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तेवढे साठ फोटो जोडून सरांना पाठवले. बहुतेक तिला वाटत होतं, सरच म्हणतील की हे चुकलंय.

दोन मिनिटांत सरांचा व्हॉइस मेसेज आला. “राजनंदिनी! अगं हा सूर्य जिवंत वाटतोय! ही श्वासाची हालचाल कशी काय जमवलीस? काहीही बदलू नकोस. शेवटपर्यंत अशीच ने. ही क्लिप लागली म्हणून समज.”

ताईने तो मेसेज तीनदा ऐकला. मग काडी उचलली.

“एकसष्ट,” ती म्हणाली.

मी काय करायला हवं होतं, मला अजून कळत नाही. मी बटण दाबलं.

सत्तर. ऐंशी. आता मला आवाज ऐकू यायला लागला होता. खालून. उसाच्या कांड्यातून कुणी वारा ओढावा तसा. सूं... आणि मध्येच थांबायचा. मी ताईला विचारलं, ऐकू येतंय का. ती म्हणाली, दिव्याचा आवाज आहे.

दिवे आवाज करत नव्हते.

नव्वदला परत चालवून बघितलं. श्वास आता मोठे नव्हते. आठ-दहा फोटोंत एक. लहान, घाईघाईचे. माझी आजी शेवटच्या दिवशी घेत होती तसे.

ताईचे ओठ पांढरे पडले होते. पण तिचा हात थरथरत नव्हता. त्या हाताची मला जास्त भीती वाटली.

एकशे पाच झाले आणि माझा फोन वाजला. पावणेतीन वाजले होते. नानासो. मागे लग्नाची वाजंत्री.

मी स्पीकरवर टाकला.

“जेवलासा का पोरींनो?”

“हो नाना,” ताई म्हणाली. आम्ही सकाळपासून पाणीसुद्धा नीट प्यालो नव्हतो.

“भोक मोकळं हाय न्हवं?”

ताईने माझ्याकडे बघितलं.

नानाच पुढे बोलायला लागले. “काल सांगितलं न्हाई. पोरी भ्याल म्हणून. आता हितं पंगतीत बसलो, घास गिळंना. आवं, पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचा असतो. कंदील इझला की समजायचं खाली हवा न्हाई. आमचा थोरला भाऊ, गुंडा, त्या दिशी घाईत हुता. म्हणला, नाना, येळ न्हाई, तू दोर धर. कंदील न सोडता उतरला. मी दोर धरलावता... वर घेतला तवा तो संपल्याला. जाळला की आमी त्याला, सगळं केलं. पर पेव बंद केलं त्या रातीला माज्या आईला धाप लागली. बोलायला यीना. घरात कुणाला कळंना काय झालं. दगडाला भोक पाडलं तवा तिचा जीव खाली बसला. तवापासनं त्यातनं वारा येतो. कुठनं येतो ते मी कुणाला इचारलं न्हाई. येतो, म्हणून बरं वाटतं. मोकळं हाय न्हवं पोरी?”

शेडमध्ये एवढी शांतता होती...

सूं...

ताईचे डोळे भरून आले. तिने त्या सूर्याकडे बघितलं. फळी उचलली तर हळद सांडणार. पहिल्यापासून सुरू करायला आठ तास. सहाला तीन तास उरलेले.

“व्हय नाना,” ती म्हणाली. “मोकळं हाय.”

“लेकी, लय उपकार झालं बघ.” फोन बंद.

माईकसमोर आठ मिनिटं न थांबता बोलणारी मी. मला एक शब्द बोलता आला नाही. ‘नाना, खोटं आहे’ एवढंच म्हणायचं होतं.

मग मला कंठ फुटला. मी उठून चिकटपट्टीपाशी गेले. “ताई, मी काढते. मला नाही बघवत.”

तिने माझी दोन्ही मनगटं धरली. “वीस. फक्त वीस फोटो रेशमे. मग मी स्वतः काढते. मला घरी न्हाई जायचं गं. मी परत गेले तर मी संपले. तुला कळत कसं न्हाई?”

मला कळत होतं. तेच तर वाईट होतं.

मी परत लॅपटॉपपाशी बसले.

हात बाहेर. खट्. एकशे सहा.

ह्या वीस फोटोंत हळद खाली बसलीच नाही. नुसती वर येत राहिली. प्रत्येक फोटोत केसाएवढी वर. कुणीतरी आत घेतंय, घेतंय, आणि मिळत नाहीये...

खालचा आवाज आता सलग होता.

एकशे पंधरा. माझीच छाती भरून आली. एकशे वीस. ताई काडी टेकवायची, मी बटण दाबायचे. “हात बाहेर” म्हणणं मी सोडून दिलं होतं.

एकशे पंचवीस.

खट्.

आवाज थांबला.

त्याच क्षणी. बटणाबरोबर.

ताई झडप घालून फळीवर पडली. नखांनी चिकटपट्टी ओरबाडली. हळद दोघींच्या अंगभर. फळी उचलली, उलटी केली...

खालची बाजू ओली होती.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की थेंब असतात ना, तसे थेंब. मी हात लावला. कोमट.

ताईने भोकावर गाल ठेवला. बराच वेळ. मग मान हलवली.

वारा नव्हता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने क्लिप पाठवली. शेड झाडली, सगळं होतं तसं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला गेलो. नाना आधीच शेडमध्ये होते. दगडाशेजारी उकिडवे बसलेले, तळहात भोकावर धरून. आम्हाला बघून ते रागावले नाहीत. ओरडले असते तर मी पाया पडले असते.

त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाजता थांबलं?”

“चार वाजता,” मी म्हटलं.

“मला मांडवातच कळलं,” ते म्हणाले. आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

क्लिप लागली. ताईला नोकरी लागली. आबांनी उंब्रजच्या चौकात पेढे वाटले. दर तासाला बातम्यांच्या आधी तो हळदीचा सूर्य येतो. फोनवरही दिसतं ते चॅनेल, आबांनी खास टीव्हीला जोडून घेतलंय.

बैलांच्या सणाला, बेंदराला, ताई घरी आली होती. पुरणपोळ्या झाल्या, शेजारपाजारचे जमले. पाच वाजता आबा ओरडले, “आली, आली! आमच्या नंदीची क्लिप आली!” सगळे टीव्हीकडे बघत होते.

मी ताईकडे बघत होते.

सूर्य फुगला तेव्हा तिने श्वास घेतला. बसला तेव्हा सोडला. दोघं बरोबर. शेवटच्या दोन सेकंदांत सूर्य नुसता वर येत राहिला, आणि ताई आत घेत राहिली.

क्लिप संपली. टाळ्या झाल्या. बातम्या सुरू झाल्या.

तिने सोडला नाही.

मी मनात मोजायला लागले. वीस. तीस. तिचा चेहरा काळसर व्हायला लागला. चाळीस. हातातली ताटली कलंडली. आबा कुणाला तरी तिच्या पगाराचं सांगत होते. मी तिच्या पाठीत जोरात बुक्की मारली, तेव्हा तो बाहेर आला. लांब, खरखरीत. पुरुषासारखा.

आई म्हणाली, “मारतीस कशाला गं तिला, ठसका लागलाय!”

ताई मला हळूच म्हणाली, “रेशमे, दिवसेंदिवस उशिरा सुटतोय.”

“मग नोकरी सोड. आबांशी मी बोलते, शपथ बोलते!”

“घर सुटावं म्हणून तर ही नोकरी धरली,” ती म्हणाली. आणि हसली.

ती आता सांगलीत आहे. तिच्या टेबलासमोर टीव्ही सुरूच असतो, तो बंद करता येत नाही. तिच्या पाठीत बुक्की मारायला तिथे कुणी नाही. म्हणून शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत, प्रत्येक तासाला, क्लिप संपली की मी तिला फोन लावते. रिंग वाजत राहते. वाजत राहते. मग ती उचलते आणि आधी बोलत नाही, फक्त श्वास सोडल्याचा आवाज येतो.

काल अकराव्या रिंगला उचलला.

आत्ता सहा वाजून गेलेत. क्लिप होऊन गेली. एका हाताने हे टाइप करतेय, दुसऱ्या हातात आईचा फोन आहे.

चौदावी रिंग वाजतेय...